दहा दिवसांत स्कॉटलंडचं उत्तर टोक: काय धरायचं, काय सोडायचं

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याचं चौघांचं कुटुंब. नवरा-बायको, १० वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या आई. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात एडिनबरोला उतरणार, हातात १० दिवस. गाडी भाड्याने घेऊन 'नॉर्थ कोस्ट ५००' हा उत्तरेचा गोल रस्ता पूर्ण करायचा, शिवाय स्काय, ऑर्कनी आणि शेटलंड ही बेटं. सगळे शाकाहारी. आईंचे गुडघे दुखतात आणि त्यांना बोट लागते. जमेल का?

सगळं नाही जमणार. म्हणजे गाडीत बसून सगळ्यावरून नजर फिरवता येईल, पण परत गेल्यावर कुणी आईंना विचारलं "काय पाहिलंत?" तर त्या "गाडीची काच" म्हणतील. मी १४ वर्षं इन्व्हर्नेसला राहते आणि त्यातली बरीच वर्षं छोट्या गटांना व्हॅनमधून उत्तरेकडे नेते-आणते. आपल्याकडून येणारे आराखडे साधारण असेच असतात: नकाशावर अंतरं मोजलेली, आणि बेटं म्हणजे जणू वाटेतले थांबे. इथला हिशेब किलोमीटरचा नाही. बोट किती वाजता सुटते, ओहोटी कधी लागते आणि गावातलं एकुलतं एक स्वयंपाकघर कधी बंद होतं, यावर दिवस ठरतो.

तेव्हा आधी वजाबाकी करू. स्काय काढा. ते पश्चिमेला आहे, जूनमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि तुमच्या वाटेवर ते येतच नाही. शेटलंडही काढा. हे लिहिताना माझ्या जिवावर येतं, कारण मला स्वतःला ऑर्कनीपेक्षा शेटलंड जास्त आवडतं. पण ॲबर्डीनहून संध्याकाळी सुटणारी बोट शेटलंडच्या लर्विक बंदरात सकाळी साडेसातच्या सुमारास लागते, म्हणजे बारा-साडेबारा तास उघड्या समुद्रात, आणि तेवढंच परत. शेटलंडचं दक्षिण टोक ते अन्स्ट या उत्तरेच्या बेटापर्यंत जायचं तर मध्ये आणखी दोन छोट्या फेऱ्या. (त्या मात्र अगदी आपल्या दाभोळ-धोपावेसारख्या: गाडी चढवायची, हँडब्रेक ओढायचा, चहा संपायच्या आत पलीकडे.) किमान ४ रात्री नसतील तर शेटलंडला जाऊ नये. ऑर्कनीहूनही आठवड्यातल्या काही रात्री उशिरा शेटलंडची बोट सुटते. ते वेळापत्रक पाहून मोह होईल. आईंना बोट लागते हे विसरू नका.

राहिला नॉर्थ कोस्ट ५००. हा काही पिढ्यान्‌पिढ्यांचा मार्ग नव्हे. २०१५ मध्ये पर्यटनासाठी आधीपासूनचेच रस्ते जोडून इन्व्हर्नेसहून निघून इन्व्हर्नेसलाच येणारं ५१६ मैलांचं, म्हणजे साधारण ८३० किलोमीटरचं एक कडं आखलं आणि त्याला नाव दिलं. नाव इतकं चाललं की लोक आता रस्ता 'पूर्ण' करायला येतात. पश्चिमेच्या बाजूला त्यातला मोठा भाग एकपदरी आहे. एकपदरी म्हणजे खरोखर एका गाडीपुरता. तुम्ही त्यातला उत्तर किनारा आणि वायव्य कोपरा घ्या. ॲपलक्रॉसचा बेलाख ना बा घाट सोडून द्या. ६२६ मीटरपर्यंत चढणारी ती वळणं ताम्हिणी-वरंध चालवणाऱ्याला अवघड नाहीत. पण समोरून मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, आलं आणि त्याला मागे घेता येत नसलं की तुमची दुपार गेली.

मग उरतं ते असं. एडिनबरोहून आगगाडीने इन्व्हर्नेस, साडेतीन तास. तिथे गाडी ताब्यात. एक रात्र इन्व्हर्नेस, एक रात्र केथनेसमध्ये, म्हणजे थर्सो किंवा विकला. मग ऑर्कनीत ४ रात्री. परत येऊन उत्तर किनाऱ्याने पश्चिमेला, डर्नेस ते स्कॉरीच्या पट्ट्यात २ रात्री. मग अलापूलवरून इन्व्हर्नेस आणि शेवटची रात्र एडिनबरो. यातही कापायची वेळ आली तर पश्चिमेची एक रात्र कापा. ऑर्कनीची कापू नका.

इन्व्हर्नेसहून थर्सो ए-९ रस्त्याने अडीच तासांचं आहे. त्याला दिवस द्या. क्रोमार्टी फर्थ या खाडीवरचा पूल ओलांडला की डाव्या हाताला फायरिश नावाच्या टेकडीवर दगडी कमानी दिसतात. हेक्टर मन्रो या इथल्या जमीनदाराने १७८० च्या दशकात गावकऱ्यांना काम मिळावं म्हणून त्या बांधून घेतल्या. आकार कशाचा, तर तमिळनाडूतल्या नागपट्टणमच्या वेशीचा. १७६४ ची बक्सारची लढाई जिंकणारा तो हाच मन्रो. १७८१ मध्ये त्याने डचांकडून नागपट्टणम घेतलं होतं. माझ्या व्हॅनमधले भारतीय पाहुणे हे ऐकून आधी हसतात आणि मग थोडा वेळ गप्प होतात.

पुढे डनरॉबिन किल्ला लागतो. फ्रेंच वाड्यासारखा दिसणारा, १८९ खोल्यांचा. मुलीला तिथल्या बागेतला ससाण्यांचा खेळ आवडेल. पण किल्ला पाहिलात तर त्याची दुसरी बाजूही पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या सदरलंड घराण्याच्या जमिनीवरून हजारो कुळांना उठवून तिथे मेंढ्या आणल्या. घरं पुन्हा उभी राहू नयेत म्हणून छपराची लाकडं जाळली. त्यातले काही किनाऱ्यावर येऊन मासेमारी शिकले, काही कॅनडाला गेले. हेल्म्सडेल गावाच्या वर त्या निघालेल्यांचा पुतळा आहे. उत्तर किनाऱ्यावरच्या बेटीहिलला जुन्या चर्चमध्ये छोटं संग्रहालय आहे. कुळांना घर सोडायचे हुकूम पाद्र्याने ज्या व्यासपीठावरून वाचून दाखवले, ते तिथे अजून आहे. निसर्ग पाहायला आलेल्या माणसाला इथल्या रिकाम्या दऱ्या 'किती अस्पर्श' वाटतात. त्या रिकाम्या केलेल्या आहेत.

गाडी नको असेल तर इन्व्हर्नेस-थर्सो आगगाडीही आहे. चार तास घेते, म्हणजे गाडीपेक्षा जास्त, कारण ती किनारा सोडून आत वळते आणि फ्लो कंट्री नावाच्या अफाट दलदलीतून जाते. हजारो वर्षं साचलेलं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, त्यावर शेवाळं आणि काळ्या पाण्याची डबकी. २०२४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं. वाटेतली बरीच स्थानकं मागणी केली तरच घेतात. उतरायचं असेल तर गार्डला सांगायचं, चढायचं असेल तर फलाटावर हात दाखवायचा, आपल्या एसटीसारखं. काही ठिकाणी आता त्यासाठी बटणही आलं आहे.

जॉन ओ'ग्रोट्सबद्दल एक वाक्य पुरे: पाटीपाशी फोटो काढा आणि निघा. ब्रिटनच्या मुख्य भूमीचं सर्वांत उत्तरेचं टोक ते नाहीच, ते पश्चिमेला असलेलं डनेट हेड. आणि पाहण्यासारखं आहे ते दोन मैल पूर्वेला, डंकन्स्बी हेडला. गाडी दीपगृहापाशी लावून गवतातून दहा-पंधरा मिनिटं चाललं की समुद्रात उभे असलेले टोकदार सुळके दिसतात. आईंना जमेल, पण वारा असेल तर हात धरा. कड्याला कठडा नाही.

आता बोट. ऑर्कनीला गाडीसह जायचे दोन मार्ग. स्क्रॅब्स्टरहून स्ट्रॉमनेस, दीड तास. ही बोट हॉय बेटाच्या पश्चिमेकडून जाते आणि 'ओल्ड मॅन ऑफ हॉय' हा १३७ मीटर उंचीचा सुळका अगदी जवळून दिसतो. दुसरी गिल्स बेहून सेंट मार्गारेट्स होप, साधारण एक तास. पहिल्या मार्गावर अटलांटिकची लाट थेट अंगावर येते. म्हणून तुम्हाला माझा सल्ला: जाताना गिल्स बे, येताना हवा बघून स्ट्रॉमनेस. मधली पेंटलंड फर्थ नावाची सामुद्रधुनी ब्रिटनमधल्या सर्वांत जोराच्या प्रवाहांसाठी ओळखली जाते. ज्यांच्या आजी-आजोबांनी भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोट पकडली होती त्यांना बोट लागणं काय ते सांगायला नको. उपायही तेच. रिकाम्या पोटी चढू नका, तुडुंब जेवूनही नको. बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर बसा. फोन पाहू नका, क्षितिज पाहा. गोळी घ्यायची तर आपल्या डॉक्टरांना विचारून, सुटण्याच्या तासभर आधी. लाटा सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा पोटात राहत नाही. पुण्याहून आलेपाक आणा.

बोटीचं बुकिंग हे पहिलं बुकिंग. विमानाचं तिकीट काढलं की लगेच. जूनमध्ये माणसांना जागा मिळते, गाड्यांना नाही. धक्क्यावर किमान पाऊण तास आधी पोचा. वेळ संपली की फाटक बंद म्हणजे बंद, आणि इथे "अहो, जरा बघा ना" चालत नाही. भाड्याची गाडी बेटावर न्यायला कंपनीची परवानगी आहे का, हे करारात वाचा. नसेल तर गाडी थर्सोत ठेवून पायी बोटीवर चढा आणि ऑर्कनीत दुसरी गाडी घ्या.

सेंट मार्गारेट्स होपहून कर्कवॉलकडे निघालात की चार लांब बांध ओलांडावे लागतात. समुद्रात ओळीने टाकलेले काँक्रीटचे प्रचंड ठोकळे आणि त्यावरून रस्ता. १४ ऑक्टोबर १९३९ च्या रात्री एक जर्मन पाणबुडी या बेटांच्या फटीतून स्कापा फ्लो या नौदलाच्या तळात शिरली आणि तिने 'रॉयल ओक' ही युद्धनौका बुडवली. आठशेहून अधिक माणसं गेली. मग फटी बुजवण्यासाठी हे बांध. कामाला होते इटालियन युद्धकैदी. त्यांनी लॅम्ब होम नावाच्या टीचभर बेटावर दोन पत्र्याच्या लष्करी झोपड्या एकमेकींना जोडून प्रार्थनाघर केलं. ते तुमच्या वाटेवरच आहे. थांबा. आत गेल्यावर भिंतीवर नक्षीदार विटा आणि कोरीव दगड दिसतो. जवळ जाऊन बघा: सपाट भिंतीवर काढलेलं चित्र आहे ते, सगळं रंगाने केलेलं. दिवे आहेत ते मांसाच्या रिकाम्या डब्यांचा पत्रा कापून केलेले. डोमेनिको किओकेत्ती या चित्रकाराचं हे मुख्य काम. बाकीचे कैदी हलवल्यावरही तो ते पुरं करायला मागे राहिला. आईंना पायरी नाही, चढ नाही, गाडीपासून पन्नास पावलं.

ऑर्कनीत राहायला स्ट्रॉमनेस की कर्कवॉल? कर्कवॉलला दुकानं, इस्पितळ, आणि ११३७ मध्ये सुरू झालेलं लाल-पिवळ्या दगडाचं सेंट मॅग्नस कॅथीड्रल. स्ट्रॉमनेसला एक फरसबंद गल्ली, जिच्या एका बाजूची घरं थेट पाण्यात पाय सोडून बसलेली. तुमच्यासाठी कर्कवॉल सोयीचं. मी एकटी असते तेव्हा स्ट्रॉमनेसला उतरते.

स्कारा ब्रे चुकवायचं नाही. १८५० च्या हिवाळ्यात वादळाने वाळूची टेकडी फोडली आणि खालून गाव निघालं, सुमारे ५००० वर्षांपूर्वीचं, गिझाच्या पिरॅमिडांच्याही आधीचं. आठ घरं, एकमेकांना बुटक्या झाकलेल्या बोळांनी जोडलेली. ऑर्कनीत झाडं जवळजवळ नाहीत, पण इथला दगड फळीसारखा सपाट सुटतो. त्यामुळे लाकडाचं जे असायचं ते सगळं या लोकांनी दगडात केलं आणि म्हणून ते टिकलं. मधोमध चूल. दोन्ही बाजूंना दगडी कडांच्या पेट्यांसारखे बिछाने. आणि दारातून आत येणाऱ्याच्या बरोबर समोर दगडी फडताळ, दोन कप्प्यांचं. चूल वाटेत, फडताळ समोर: आल्यागेल्याला घरातली चांगली भांडी दिसलीच पाहिजेत. माझ्या आजीच्या घरी पितळी डबे असेच दारासमोर लावलेले असत. मूळ घरं वरच्या वाटेवरून वाकून पाहायची. बाहेर एका घराची प्रतिकृती आहे, त्यात मुलीला शिरता येईल.

स्कारा ब्रेची वेळ आधी ठरवून घ्या, आणि त्याहीआधी एक काम करा. कर्कवॉलला क्रूझची प्रचंड जहाजं येतात आणि कोणत्या दिवशी कोणतं जहाज, किती प्रवासी, हे बंदर खातं आधीच जाहीर करतं. ते पत्रक पाहा. बेटांची सगळी लोकसंख्या २२,००० च्या आसपास. त्यात एका सकाळी तीन-चार हजार माणसं उतरली की स्कारा ब्रेला बसगाड्यांची रांग लागते. त्या दिवशी तुम्ही दुसऱ्या बेटावर जा. माझ्या धंद्यातली सर्वांत उपयोगी युक्ती विचाराल तर हीच.

मेशोव हा त्याच काळातला दफनाचा ढिगारा. मकरसंक्रांतीच्या आधीच्या त्या आखूड दिवसांत मावळता सूर्य बोगद्यातून थेट आतल्या भिंतीवर पडतो. आत मार्गदर्शकासोबतच जाता येतं. पण आईंसाठी इशारा: आत जायचा बोगदा साधारण १० मीटर लांब आणि कमरेत वाकून चालावं लागेल इतका बुटका. गुडघे दुखत असतील तर त्यांनी बाहेर थांबावं आणि वाईट वाटून घेऊ नये, ब्रॉडगरचं उभ्या दगडांचं वर्तुळ पलीकडेच आहे. बाराव्या शतकात नॉर्स, म्हणजे मूळचे नॉर्वेकडचे, लोक या थडग्यात शिरले आणि भिंतींवर रून लिपीत तीसेक ठिकाणी कोरून गेले. त्यात एकाने इंगिगर्थ ही सर्वांत सुंदर बाई असल्याचं लिहिलंय, दुसऱ्याने आपण किती उंचावर कोरलं याची बढाई मारलीय. आपल्या किल्ल्यांवर नावं कोरणाऱ्यांना आपण शिव्या घालतो. आणखी आठशे वर्षं थांबलं तर तोही वारसा होईल की काय, असं एका पाहुण्याने विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही.

ब्रॉडगरच्या वर्तुळात मुळात ६० दगड असावेत, आज २७ उभे आहेत. तिकीट नाही, दार नाही. रात्री दहाला जा. जूनमध्ये तेव्हा सूर्य अजून वर असतो, गवतात टिटव्या ओरडत असतात आणि बहुतेक माणसं जेवून झोपलेली असतात.

बर्से बेटावर जायचं तर ओहोटीचा तक्ता हवा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासारखंच आहे हे. पूर्ण ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास फरसबंद वाट उघडी, एरवी पाणी. पलीकडे नॉर्स वस्तीचे अवशेष, आणि कड्यावर पफिन हे समुद्रपक्षी दिसायची चांगली शक्यता. मी दुसऱ्या वर्षी पफिनच्या नादात घड्याळ पाहायला विसरले. परतताना पाणी घोट्यापर्यंत होतं, चार पावलांत गुडघ्यापर्यंत आलं. त्या पाण्याच्या थंडीची कल्पना अरबी समुद्रात पोहलेल्याला येणार नाही. माझ्यामागे सहा पाहुणे होते. त्या दिवसापासून मी निघायच्या वेळेचा गजर लावते. कोकणातल्या माणसाला इथे एक गोष्ट फुकट कळते: चंद्र तोच आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे ओहोटीही खोल. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी फार मागे जात नाही.

मुलीसाठी एक सकाळ राखून ठेवा. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जगातलं सर्वांत छोटं नियमित विमानोड्डाण. वेळापत्रकात दोन मिनिटं, वारा मागून असेल तर त्याहूनही कमी. १९६७ पासून चालू आहे. विमान आठ प्रवाशांचं, वैमानिक आणि तुमच्यात दार नाही. काटे फिरताना दिसतात, आणि पोरांची बडबड थांबते. हे पर्यटकांसाठी केलेलं खेळणं नाही, त्यात शिक्षक, पेशंट, टपाल जातं. जागा कमी, म्हणून लवकर पकडा.

परतल्यावर स्क्रॅब्स्टरहून डर्नेस १२० किलोमीटर आहे. अडीच तास लागतात, पण फोटोसाठी थांबणारच, तेव्हा पाच धरा. एकपदरी रस्त्याची रीत अशी: दर थोड्या अंतरावर बाजूला फुगवटा असतो. तो तुमच्या डावीकडे असेल तर त्यात शिरून थांबा. उजवीकडे असेल तर रस्त्यावरच त्याच्यासमोर थांबा, समोरचा त्यात शिरेल. उजवीकडे ओलांडून जायचं नाही. घाटात चढणाऱ्याला आधी वाट, हा आपला नियम इथेही तसाच. मागे गाडी लागली असेल तर ती घाईतला गाववाला आहे असं समजा, कदाचित बोट पकडायची असेल किंवा इस्पितळ गाठायचं असेल. फुगवट्यात घ्या आणि त्याला जाऊ द्या. हात वर करून आभार मानतात, तुम्हीही माना. त्या जागेत गाडी लावून फोटो काढणं हा इथल्या लोकांच्या मनातला सर्वांत मोठा गुन्हा. मेंढीचं पिल्लू एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला असेल तर पिल्लू तुमच्यासमोरूनच धावणार, हे गृहीत धरा.

आणि मोटरहोम घेऊ नका. जन्मात पहिल्यांदा चालवणार आणि तीही या रस्त्यांवर, हे तुमच्यासाठीही वाईट आणि गावासाठीही. भारतीय परवान्यावर वर्षभर साधी गाडी चालवता येते, स्टिअरिंग उजवीकडेच आहे. ऑटोमॅटिक हवी असेल तर आत्ताच सांगा, कारण इन्व्हर्नेसला त्या थोड्याच असतात. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं, यात नवरा-बायकोची सरमिसळ चालत नाही.

डर्नेसपाशी स्मू गुहा पाहा. पायऱ्या बऱ्याच आहेत. आईंना त्यापेक्षा बाल्नाकीलचा किनारा द्या, गाडी जवळजवळ वाळूपर्यंत जाते. सँडवुड बे फार सुंदर, पण जाऊन-येऊन १३ किलोमीटर चाल. तुम्हा तिघांना जायचं असेल तर आईंना स्कॉरीला खिडकीपाशी पुस्तक आणि चहा देऊन जा, आणि त्यांना आधी विचारा.

जेवणाचं. उजेड फसवतो. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात रात्री सव्वानऊला लख्ख उन्हात एका गावात शिरलो. सूर्य डोक्यावर असल्यासारखा, आणि स्वयंपाकघर आठलाच बंद. बिस्किटं आणि कुणाच्या तरी पिशवीतला पातळ पोह्यांचा चिवडा, एवढंच जेवण. आठच्या आत जेवायला बसा, त्याहून बरं म्हणजे स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या. थर्सो, विक, कर्कवॉलला मोठी किराणा दुकानं आहेत, तिथेच पिशव्या भरा. शाकाहारींनी दोन प्रश्न तोंडपाठ करावेत. मसुराचं सूप कशाच्या पाण्यात केलंय? कारण बऱ्याचदा त्यात डुकराच्या मांसाचं हाड असतं. आणि चिप्स कशात तळलेत? काही दुकानांत गाईच्या चरबीत तळतात. पाटीवर दोन्ही निरागस दिसतात. हॅगिस या इथल्या मांसाच्या पदार्थाचं शाकाहारी रूप मिळतं आणि चांगलं लागतं, ओट आणि डाळींचं, मिरीचा ठसका असलेलं. ऑर्कनीत बेअर नावाच्या जुन्या जवाच्या पिठाची जाड भाकरीसारखी बॅनक मिळते, लोण्याबरोबर खा. 'टॅबलेट' नावाची दाणेदार दुधाची वडी दिसली तर मुलीपासून लपवा.

घरून आणताना तूप, पेढे, खव्याचं काही आणू नका. दुधाचे पदार्थ भारतातून आणायला इथे बंदी आहे. मेतकूट, चटण्या, पोहे, उपम्याचं भाजलेलं पीठ खुशाल आणा.

हवा १३-१५ अंशांची असेल, पण वाऱ्यामुळे आठ वाटेल. छत्र्या आणू नका. माझ्याकडे पाहुण्यांनी सोडून दिलेल्या उलट्या झालेल्या छत्र्यांचा ढीग आहे. कानावरून येणारी टोपी, वारा अडवणारं जाकीट आणि झोपताना डोळ्यांवर बांधायला काळी पट्टी, कारण चारच्या आधी उजाडतं. पश्चिम किनाऱ्यावर वारा पडला की मिजेस निघतात. कोकणातली मुरकुटं आठवा, तीच जात, फक्त लाखांनी. वारा सुटला की नाहीशी होतात. ऑर्कनीत त्रास कमी. गवतातून चालल्यावर पायांवर गोचीड बघा, विशेषतः मुलीच्या.

बेटांवर बोलताना 'ऑर्कनीज' म्हणू नका, नुसतं ऑर्कनी. तिथल्या सर्वांत मोठ्या बेटाचं नावच मेनलँड आहे. त्यामुळे "आम्ही काल मेनलँडहून आलो" म्हणालात तर ऐकणारा गोंधळेल, 'स्कॉटलंडहून' म्हणा. ही बेटं १४६८ पर्यंत नॉर्वे-डेन्मार्कच्या राजाची होती. मुलीच्या हुंड्याची रक्कम हातात नव्हती म्हणून त्याने ती स्कॉटलंडकडे गहाण ठेवली आणि पुढल्या वर्षी शेटलंडही. गहाण कधी सुटलंच नाही. लहानाला ऑर्कनीत 'पीडी' म्हणतात. कुणी तुमच्या मुलीला पीडी म्हटलं तर ते लाडाने.

बुकिंगचा क्रम: बोट, ऑर्कनीतलं घर, गाडी, डर्नेस-स्कॉरीकडची खोली, पापा वेस्ट्रेचं विमान, स्कारा ब्रे आणि मेशोवच्या वेळा, आणि सगळ्यात शेवटी एडिनबरो. परतीची बोट आणि भारताचं विमान यांच्यात पूर्ण दोन दिवस ठेवा. जूनमध्ये बोट रद्द होणं दुर्मीळ, पण पूर्व किनाऱ्यावर 'हार' नावाचं समुद्री धुकं चढलं की विमानांचा काही भरवसा नाही. आईंच्या विम्यात बेटावरून विमानाने हलवण्याचा खर्च धरलाय का, ते एकदा वाचून घ्या. कर्कवॉलचं इस्पितळ चांगलं आहे, पण मोठं काही झालं तर पेशंटला दक्षिणेलाच नेतात.